टेक्सासची मुळं, तासगावची द्राक्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन घरी विसरून बसलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे इकडेतिकडे झालं ते थोडं आवरलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एका वेलीचा इतिहास आहे. आणि सुरुवातीलाच एक प्रश्न. द्राक्ष हे कमी पाण्याचं पीक आहे की जास्त पाण्याचं?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण यावर लोक हमरीतुमरीवर येतात. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, समुद्रात, लान्झारोते नावाचं स्पेनचं एक बेट आहे. तिथे वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या आटपाडी-जतपेक्षाही कितीतरी कमी. तिथे १७३० ते १७३६ अशी सलग सहा वर्षं ज्वालामुखी धुमसत होता, चांगली शेतं राखेखाली गेली. लोकांनी काय केलं? त्या काळ्या राखेत खोल खड्डे खणले, खालची माती गाठली, प्रत्येक खड्ड्यात एकेक द्राक्षवेल लावली आणि वारा अडवायला भोवती दगडांची अर्धगोल भिंत रचली. राखेचा थर जमिनीतली ओल उडू देत नाही. तिथल्या वेली आजही उभ्या आहेत.

आणि इकडे आपल्याकडे? सांगली, सोलापूर, नाशिकच्या बागायतदाराला विचारा. दुष्काळी उन्हाळ्यात टँकरनं विकतचं पाणी घालून त्यानं बाग जगवलेली असते. एकच वेल तिकडे राखेत जगते आणि इकडे टँकर मागते. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. ते कसं, हे समजायला आपल्याला थोडं फिरावं लागेल. आधी इंग्लंड, मग फ्रान्स, मग अमेरिकेतलं टेक्सास, आणि मग परत आपल्या घरी.

पाद्रीबाबा आणि काचेची नळी

साल साधारण १७२० च्या दशकातलं. लंडनजवळ टेडिंग्टन नावाच्या गावात स्टीफन हेल्स नावाचे पाद्री होते. चर्चचं काम सांभाळून यांना प्रयोगांचा भारी नाद. एकदा वसंत ऋतूत त्यांनी द्राक्षवेल छाटली, तर छाटलेल्या जागेतून पाणी ठिबकायला लागलं. आपल्याकडच्या बागायतदारांनाही हे ओळखीचं आहे, छाटणीनंतर काडीच्या टोकातून पाणी गळतं. हेल्सना वाटलं वेल मरेल, म्हणून त्यांनी त्या टोकावर प्राण्याच्या मूत्राशयाची पातळ कातडी घट्ट बांधली. थोड्या वेळानं बघतात तर कातडी फुग्यासारखी फुगलेली!

दुसरा कुणी असता तर गाठ आणखी आवळून झोपायला गेला असता. हेल्सनी त्याऐवजी छाटलेल्या बुंध्यावर काचेच्या नळ्या एकावर एक जोडल्या आणि पाणी किती चढतं ते मोजलं. पाणी २० फुटांच्या वर गेलं. १७२७ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकात छापलं. वनस्पती पाणी कशी हलवते, हे मोजमाप करून सांगणारं हे जगातलं अगदी सुरुवातीचं काम. आणि ते शिकवलं कुणी, तर द्राक्षवेलीनं.

पण मुळांचा हा दाब म्हणजे अर्धीच गोष्ट. हा दाब असतो वेलीला पानं नसताना, जमिनीत भरपूर ओल असताना. पानं फुटली की खेळ उलटा होतो. पानावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते, आणि त्या ओढीनं खालचं पाणी वर खेचलं जातं. म्हणजे आता मुळं ढकलत नाहीत, पानं ओढतात. वेलीच्या आतल्या नळ्यांमधलं पाणी ताणलेल्या दोरीसारखं असतं.

किती ताणलेलं? १९६५ मध्ये शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती लोकांसमोर आणली. पान तोडायचं, धातूच्या बंद डब्यात ठेवायचं, फक्त देठाचं टोक बाहेर. मग डब्यात हवेचा दाब वाढवत न्यायचा. देठाच्या टोकावर पाण्याचा पहिला थेंब दिसला, की तेवढाच ताण पानात होता. हे यंत्र आज जगभरच्या द्राक्षबागांमध्ये वापरतात. तहानलेल्या वेलीच्या पानात भर दुपारी हा ताण १५ वातावरणांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या कारच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो, त्याच्या सहा-सात पट. फरक एवढाच, की टायरमध्ये हवा बाहेर ढकलते आणि इथे पाणी आत खेचलं जातं.

वेल तहानते तेव्हा

आता समजा पाणी कमी पडलं. वेल काय करते? ती एकदम मरत नाही. ती खर्च कमी करत जाते, पगार थांबलेल्या घरासारखा. आधी हॉटेल बंद, मग नवे कपडे बंद, मग केबल बंद. वेलीचाही क्रम ठरलेला आहे.

सगळ्यात आधी वाढ थांबते. शेंड्याकडचे कोवळे तणावे लोंबायला लागतात, फुटीची लांबी वाढायची थांबते. अनुभवी बागायतदार सकाळी बागेत शिरला की आधी शेंडा बघतो, तो यासाठीच.

मग पर्णरंध्रं मिटायला लागतात. कोरड्या पडत चाललेल्या वेलीत अॅब्सिसिक आम्ल नावाचं एक रसायन वाढतं. हा वेलीचा निरोप. तो पानापर्यंत पोचला की छिद्रं मिटतात, वाफ कमी होते. पण याची किंमत आहे. त्याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येत असतो, ज्यापासून साखर बनते. दार लावलं की पाणी वाचतं, पण स्वयंपाकही थांबतो.

त्यानंतर जुनी, खालची पानं पिवळी पडून गळतात. आणि ताण फारच वाढला तर नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात. बुडबुडा शिरला की ती नळी बंद पडली. इथे वेलीची एक फार हुशारीची रचना आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शास्त्रज्ञांनी जिवंत वेलींचे एक्स-रे स्कॅन काढले, तेव्हा दिसलं की पानांच्या देठातल्या नळ्या आधी निकामी होतात आणि खोडातल्या नंतर. म्हणजे घरात शॉर्टसर्किट झालं तर फ्यूज उडतो आणि वायरिंग वाचतं, तसं. पान गेलं तर पुन्हा फुटेल. खोड गेलं तर सगळं गेलं.

आणि गमतीचा भाग म्हणजे हेल्सच्या नळीतलं ते ढकलणारं पाणी इथे पुन्हा कामाला येतं. जमिनीत ओल आली की मुळांचा दाब अशा काही बंद पडलेल्या नळ्या पुन्हा भरायला मदत करतो. अट एकच, जमिनीत ओल यायला हवी.

सगळ्या जाती सारख्या वागतात का? नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला माँपेलिएमध्ये ग्रनाश आणि सिरा या दोन जातींची तुलना झाली, २००३ मध्ये त्यावरचा एक गाजलेला शोधनिबंध आला. ग्रनाश जपून खर्च करणारी, ताण दिसला की लगेच दार लावून घेते. सिरा बिनधास्त, दार उघडं ठेवून काम चालू ठेवते. पुढे असंही दिसलं की हा स्वभाव दगडावरची रेघ नाही. जमीन, हवा आणि खालची मुळं बदलली की तीच जात वेगळी वागते.

खालची मुळं. इथून आपली खरी गोष्ट सुरू होते. कारण आज जगातल्या बहुतेक द्राक्षवेली दोन वेगवेगळ्या वेलींच्या बनलेल्या असतात. वर एक, खाली दुसरी. आपल्याकडे खालच्या वेलीला खुंट म्हणतात. हे कधी आणि का सुरू झालं?

फ्रान्सवर आलेलं संकट

१८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये वेली सुकायला लागल्या. पानं पिवळी, वाढ खुंटलेली, दोन-तीन वर्षांत वेल खलास. बघणाऱ्याला वाटावं दुष्काळ पडलाय. पण पाऊस तर ठीक होता.

१८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांचे दोन सहकारी बागा बघायला निघाले. मेलेल्या वेली उपटल्या, मुळं कुजलेली, पण कारण काही सापडेना. मग त्यांनी शेजारच्या वरवर धडधाकट दिसणाऱ्या वेलींची मुळं उकरली. भिंगातून बघतात तर मुळांवर पिवळसर किड्यांचा थर! एक मिलिमीटर आकाराचा हा किडा मूळ मेलं की पुढच्या वेलीकडे सरकायचा, म्हणून मेलेल्या मुळांवर तो सापडत नव्हता. त्याचं नाव फायलोक्झेरा. हा किडा अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर आला होता. म्हणजे वेल पाण्याअभावीच मरत होती. पाणी जमिनीत होतं, फक्त ते पिणारं तोंडच किड्यानं खाल्लं होतं.

१८७५ साली फ्रान्समध्ये साधारण ८४५ लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती २३४ लाखांवर आली. गावंच्या गावं उठली, लोक अल्जीरियाला गेले.

उपाय कुठून आला? जिथून किडा आला तिथूनच. अमेरिकेतल्या जंगली वेली हजारो वर्षं या किड्याबरोबर राहिल्या होत्या, त्यांची मुळं त्याला पुरून उरत होती. मग युक्ती निघाली: खाली अमेरिकन मूळ, वर फ्रेंच वेल, मध्ये कलम. मिसुरीसारख्या राज्यांतून काड्या जहाजांनी यायला लागल्या.

पण लगेच दुसरी अडचण. या पहिल्या अमेरिकन वेली बऱ्याचशा नदीकाठच्या होत्या, ओलसर, चुन्याचं प्रमाण कमी असलेल्या मातीतल्या. कोन्याकच्या भागात माती चुनखडीची, पांढरीफटक. तिथे ही मुळं लावली की वरची पानं पिवळी पडायची, कारण चुनखडीत मुळांना लोह मिळेना. आपल्याकडच्या चुनखडीच्या रानात पानं पिवळी पडतात ना, तोच प्रकार.

म्हणून १८८७ मध्ये फ्रेंच सरकारनं प्येर व्हिआला या माणसाला अमेरिकेत पाठवलं. काम एकच, चुनखडीत हिरवीगार राहणारी जंगली वेल शोधायची. शोधता शोधता तो टेक्सासला पोचला, डेनिसन गावात, टी. व्ही. मन्सन यांच्याकडे.

टेक्सासचा वेडा

मन्सन यांचा जन्म १८४३ चा. रोपवाटिका चालवायचे, आणि जंगली द्राक्षवेलींचं वेड इतकं की रेल्वेनं, घोड्यावर, मिळेल त्या वाहनानं हजारो मैल हिंडून वेली गोळा करायचे. त्यांना माहीत होतं की मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर, जिथे उन्हाळ्यात जमीन भाजून निघते, तिथे बर्लांडिएरी नावाची वेल आरामात वाढते. तिथल्या काड्यांचे गठ्ठे बांधून फ्रान्सला गेले. १८८८ मध्ये फ्रेंच सरकारनं मन्सन यांचा सन्मान केला. आजही डेनिसन आणि कोन्याक ही जुळी शहरं मानली जातात.

इंटरनेटवर तुम्हाला 'एका टेक्सासच्या माणसानं फ्रान्सची वाइन वाचवली' असे व्हिडिओ दिसतील. ते अर्धवट आहे. प्लांशाँ, मिसुरीचे लोक, माँपेलिएचे संकर करणारे, कलमं बांधणाऱ्या हजारो बायका-माणसांचे हात, हे सगळे त्यात आहेत. मन्सन यांनी जे दिलं ते नेमकं होतं: कोरड्या, चुनखडीच्या जमिनीत टिकणारं मूळ.

आणि इथे इतिहासानं एक वळण घेतलं. शोध चालला होता किडा आणि चुना यांच्यासाठी. पण टेक्सासच्या त्या वेली सोबत आणखी एक गुण घेऊन आल्या, दुष्काळ सोसण्याचा. बर्लांडिएरीचा रुपेस्ट्रिस या दुसऱ्या अमेरिकन वेलीशी संकर करून नवे खुंट तयार झाले. फ्रान्समध्ये रिश्टर यांचा ११०, सिसिलीत पॉलसेन यांचा ११०३ आणि रुज्जेरी यांचा १४०. सिसिली म्हणजे कोरडं, कडक उन्हाचं बेट. ही तिन्ही नावं आजही दुष्काळी भागासाठी खुंट निवडताना आधी घेतली जातात. ११० रिश्टर म्हणजे आपल्याकडे ज्याला '११० आर' म्हणतात तोच.

याशिवाय मन्सन यांनी टेक्सासच्या बेल काउंटीतल्या एका जंगली वेलीची निवड केली होती. ती ज्या प्रजातीतली, त्या प्रजातीला शॅम्पिनी हे नाव दिलं होतं प्लांशाँ यांनी, तेच ते मुळं उकरणारे. आणि मन्सन यांच्या त्या निवडीचं नाव? जिथे सापडली त्या डोंगरधारेवरून, डॉगरीज.

आता सांगली-नाशिककडचे जे ऐकतायत, ते खुर्चीत सरसावून बसले असतील.

डॉगरीज घरी येतो

आपल्याकडची खाण्याची द्राक्षं म्हणजे मुख्यतः थॉम्सन सीडलेस आणि तिची भावंडं. ही जात मूळची पश्चिम आशियातली, तिकडे सुलताना किंवा किश्मिश. कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्सन यांनी ती लावली म्हणून थॉम्सन. महाराष्ट्रात ती रुजली, आणि बागायतदारांनीच त्यातल्या वेगळ्या काड्या हेरून नव्या जाती काढल्या. तासगाव तालुक्यातल्या बोरगावची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसांनी हजारो काड्यांतून एक वेगळी काडी ओळखली, यावर एक वेगळा भाग करावा लागेल.

तेव्हा या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या असायच्या. मग विहिरी खोल गेल्या, बोअर आल्या, पाण्याची पातळी उतरली आणि जे पाणी मिळायचं ते खारट व्हायला लागलं. जमिनीत क्षार साठले. थॉम्सनची मुळं नाजूक, बागा कमजोर होऊ लागल्या. म्हणून साधारण १९९० च्या दशकात खुंटावरच्या बागा वाढायला लागल्या. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं, त्यांच्या कामाचा हा मोठा विषय राहिला. युरोपनं खुंट घेतला किड्यापायी. आपण घेतला पाण्यापायी.

आज नवी बाग घालायची म्हणजे काय करतात? फेब्रुवारी-मार्चमध्ये डॉगरीजची रोपं लावतात. पावसाळा सरत आला की त्यावर पाचर कलम भरतात. वर तास-ए-गणेश किंवा आणखी काही, खाली टेक्सास. मी माझ्या आजोळी मामांना विचारलं होतं, डॉगरीज म्हणजे काय हो? म्हणाले, "जंगली असतोय. दमदार. खाली रेटून जातोय." टेक्सासचं नाव त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यानं काही अडतही नव्हतं. 'दमदार' हा शब्द अगदी बरोबर आहे. डॉगरीज जोरकस वाढतो, क्षार आणि सूत्रकृमी सोसतो, ताण सोसतो.

आपला दुष्काळ वेगळा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. खुंट टेक्सासचा, ठिबक दारात, तरी टँकर का लागतो?

पहिलं कारण कॅलेंडर. भूमध्य समुद्राकडची वेल थंडीत झोपते. तेव्हा तिकडे पाऊस पडतो, जमीन भरते. उन्हाळ्यात पाऊस नाही, तेव्हा वेलीवर फळ असतं. म्हणजे तिचा दुष्काळ फळाच्या वेळी येतो, तोही जमिनीत ओल साठलेली असताना. आपल्याकडे वेल झोपतच नाही. आपण तिला वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळ येतं हिवाळ्यात, पावसाळ्याच्या ओलीवर. आणि ऐन एप्रिल-मे मध्ये, विहिरी तळाला गेलेल्या असताना, वेल काय करत असते? पुढच्या वर्षीचे घड बनवत असते!

होय, तेव्हाच. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांत ठरतं, की या डोळ्यातून घड निघणार की नुसती बाळी. त्या काळात पाणी थोडं आखडतं घेतलं तर फायदाच होतो. वाढीचा जोर आवरतो, डोळ्यांत घड चांगले बसतात, हे बागायतदारांना पाठ आहे. पण आखडतं घेणं वेगळं आणि नसणं वेगळं. पानं गळाली तर डोळ्याला अन्न कोण देणार? काडी बारीक राहते, डोळे पोकळ राहतात. आणि हे तेव्हा दिसत नाही. पुढे पाऊस होतो, बाग हिरवीगार दिसते, ऑक्टोबरला छाटणी होते, औषधांचा, मजुरीचा खर्च होतो, आणि मग कळतं की घडच कमी निघालेत. दुष्काळ मे महिन्यात पडला, पावती नोव्हेंबरात आली. म्हणून माणूस मे मध्ये टँकर घालतो. झाडावर एकही मणी नसताना.

दुसरं कारण मण्याचं. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरण्याआधी तो खोडातल्या नळ्यांवर अवलंबून असतो, तेव्हा ताण बसला की मणी लहान राहतो आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ती कसर पूर्ण भरून निघत नाही. पाणी उतरल्यानंतर मणी मुख्यतः साखर आणणाऱ्या नळ्यांतून भरतो, तेव्हा थोडा ताण त्याला तितकासा लागत नाही. आता वाइन करणाऱ्याला लहान मणी हवाच असतो. साल जास्त, रंग जास्त, चव जास्त. वेलीला ताण द्या, वाइन चांगली होते, हे तिकडचं सूत्र तिथून आलं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तर वेलीची अर्धी मुळं कोरडी ठेवून अर्ध्यांनाच पाणी द्यायची पद्धत काढली. कोरडी बाजू निरोप पाठवते, पानं दारं अर्धी लावून घेतात, ओली बाजू पाणी पुरवते. पाण्यात मोठी बचत झाली. पण आपलं द्राक्ष बाजारात जातं ते खायला, निर्यातीला. तिथे मणी मोठा आणि टवटवीत लागतो, आकार मिलिमीटरमध्ये मोजून. लहान मणी म्हणजे कमी भाव, नाहीतर थेट बेदाण्याच्या शेडवर.

तिसरं कारण गर्दीचं. लान्झारोतेत एका खड्ड्यात एक वेल, पुढचा खड्डा लांब. आपल्याकडे एकरी हजाराच्या आसपास वेली. आणि ठिबकखाली वाढलेली मुळं बरीचशी ठिबकच्या ओलाव्यातच राहतात. दमदार खुंटालाही खाली जायला कारण आणि जागा लागते. खाली ओल नसेल, किंवा कडक मुरूम असेल, तर टेक्सासचा असला तरी तो काय करणार?

मग उत्तर काय? वेल म्हणून द्राक्ष खरंच काटक आहे. पण आपण जे पीक घेतो, मोठ्या मण्याचं, एकरी इतक्या टनांचं, दरवर्षी न चुकता, ते काटक नाही. दुष्काळ सोसणारा खुंट पाणी तयार करत नाही. तो फक्त वेळ विकत घेऊन देतो. काही आठवडे. ते आठवडे आपण कशासाठी वापरले, पाचटाचं आच्छादन घालायला, पानं मोजकी ठेवायला, शेततळं भरायला, की आणखी एक बोअर मारायला, हे खुंट ठरवत नाही.

शेवटची धोक्याची घंटा

जाता जाता एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियात एकेकाळी एआरएक्स-१ नाही, नीट सांगायचं तर 'एएक्सआर-१' नावाचा खुंट सगळ्यांचा लाडका होता. जोमदार, भरघोस पीक देणारा. युरोपातल्या काही भागांत आणि दक्षिण आफ्रिकेत तो किड्यापुढे टिकला नव्हता, हे माहीत होतं. कारण तो अर्धा युरोपियन वेलीचाच होता. पण कॅलिफोर्नियात चाललाय ना, मग लावा. नापा आणि सोनोमाच्या खोऱ्यांत बागांमागून बागा त्या एकाच खुंटावर उभ्या राहिल्या. १९८० च्या दशकात तिथे फायलोक्झेराचा असा प्रकार पसरला ज्याला हा खुंट आवडला. पुढे हजारो एकर उपटून पुन्हा लावावे लागले.

आता आपल्या बागांकडे बघा. वर थॉम्सनची भावंडं, खाली बहुतांश डॉगरीज. दोन्ही कलमानं, काडीनं वाढवलेले, म्हणजे एकाच झाडाच्या लाखो नकला. एक नक्कल जिथे कमी पडेल, तिथे सगळ्याच पडतील. शिवाय डॉगरीजचा जोर हा कधी कधी दोषही ठरतो, नुसती पानं आणि फांदी, घड कमी. ११० आर सारखे दुसरे खुंट आपल्याकडे अभ्यासले गेलेत, काही ठिकाणी लावलेही जातायत. ते वाढायला हवेत. जमीन कुठली, पाणी किती खारं, जात कुठली, यावर खुंट ठरायला हवा. शेजाऱ्यानं काय लावलंय यावर नाही. फ्रान्सनं कोन्याकच्या चुनखडीत हाच धडा मोठी किंमत मोजून घेतला होता. मिसुरीत जे चालतं ते कोन्याकला चालेलच असं नाही, आणि बेल काउंटीत जे चालतं ते जतला.

तुमच्यातले जे शहरात राहतात, त्यांनी पुढच्या वेळी फेब्रुवारीत गाडीवर द्राक्षं बघितली की एवढं आठवा. तो घड आठ-नऊ महिन्यांपूर्वी, पाण्याची सगळ्यात ओढाताण असताना, एका डोळ्यात ठरला होता. आणि तेव्हा कुणीतरी त्या बिनफळाच्या वेलीला पाणी घालत होतं.

आणि जे बागायतदारांच्या घरातले आहेत, त्यांच्यासाठी एक काम. घरच्यांना विचारा, आपली बाग कुठल्या खुंटावर आहे, तो का निवडला, आणि २०१२-१३ च्या किंवा २०१५-१६ च्या दुष्काळात बागेतली कुठली वेल आधी मान टाकत होती, कुठली शेवटपर्यंत टिकली. ही माहिती कुठल्याच पुस्तकात नाही, ती फक्त त्यांच्या डोक्यात आहे. व्हॉइस मेसेज करून पाठवा. चांगल्या आठवणी जमल्या तर त्यांचाच एक भाग करू, बोरगाव आणि नान्नजच्या काड्यांच्या गोष्टीसकट.

तोवर भेटूच. काळजी घ्या, आणि पाणी जपून वापरा.